चीरियोत टीडी ‘नेमक्या’ मजकुरावरून कसा शोधायचा? तूर शोधली की लातूर सापडतंय

नोडवर_बसलेला

मंडळी नमस्कार. प्रश्न बहुतेक सोपा असणार पण दोन रात्री घालवल्यात म्हणून विचारतोच.

आमच्या भावकीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, निम्मे लोक शेतीवाले, रोज सकाळी कुणीतरी बाजारभावाच्या पानाचा स्क्रीनशॉट टाकतं आणि तो इतका बारीक असतो की काका मंडळी चष्मा लावूनसुद्धा शिव्या घालतात. म्हटलं एक छोटी स्क्रिप्ट लिहू. नोडमध्ये (सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट) पान आणायचं, चीरियोत (एचटीएमएल चाळायची लायब्ररी) टाकायचं, हवी ती ओळ उचलायची आणि किमान, कमाल, सर्वसाधारण हे तीन दर साध्या अक्षरात ग्रुपवर टाकायचे. साइट कुठली ते राहू दे, मुद्दा तो नाही.

टेबलला आयडी नाही, टीडींना (म्हणजे टेबलातल्या चौकटींना) क्लास नाही, सगळे एकाच माळेचे मणी. म्हणजे मजकुरावरूनच शोधायला लागणार. जेक्वेरीची (ब्राउझरमधली जुनी लायब्ररी) सवय म्हणून टीडी:कंटेन्स("तूर") लावलं. सापडलं काय, तर तूर, तूरडाळ आणि लातूर. लातूरच्या शेपटाला तूर आहे हे आयुष्यात कधी लक्षात आलं नव्हतं! पहिल्या दिवशी तुरीचा भाव म्हणून लातूरच्या सोयाबीनचा भाव ग्रुपवर गेला आणि काकांनी फोन करून माझा यथासांग उद्धार केला. टीडी काढून नुसतं :कंटेन्स लावलं तर आणखी मजा, एचटीएमएल, बॉडी, टेबल, टीआर (म्हणजे ओळ) सगळेच हात वर करतात.

तर :कंटेन्ससारखा पण "एवढाच मजकूर, पुढेमागे काही नको" असा सिलेक्टर आहे का? हेडलेस क्रोम (खिडकीशिवाय चालणारा ब्राउझर) वगैरे सुचवू नका, सर्व्हर ५१२ एमबीचा आहे, बिचारा आत्ताच धापा टाकतोय.

(मोबाईलवरून लिहितोय, कीबोर्ड मराठी आहे, त्यामुळे टॅग आणि फंक्शनची नावंपण देवनागरीत आलीत, समजून घ्या.)

जुना_जेक्वेरीकर

नाहीये असा सिलेक्टर. सीएसएसमध्ये मजकुरावरून निवडायची सोयच नाही. :कंटेन्स २००१ च्या सिलेक्टर्सच्या मसुद्यात होता, नंतर काढून टाकला, जेक्वेरीने तो आपल्या घरी ठेवून घेतला आणि चीरियोकडे तो जेक्वेरीची नक्कल म्हणून आला. त्याचा अर्थ पहिल्यापासून "आत कुठेतरी हे आहे" एवढाच, नेमकेपणाचं त्याने कधी कबूलच केलं नव्हतं.

फिल्टर वापर. सगळे टीडी घे, फिल्टरमध्ये फंक्शन दे, प्रत्येकाचा टेक्स्ट() काढ, ट्रिम() कर आणि तिहेरी बरोबरने ताड. तीन ओळींचं काम आहे. टॅगचं नाव द्यायला मात्र विसरू नको, नाहीतर ज्या टीआरमध्ये एकच टीडी आहे तो टीआरपण जुळेल, कारण टेक्स्ट() आतल्या सगळ्या पिलावळीचा मजकूर गोळा करतो.

रेग्युलर_एक्सप्रेस

एवढं कशाला, :कंटेन्सने जे येईल त्याला रेजेक्स (मजकुराचा नमुना) लावा, दोन्ही बाजूंना स्लॅश-बी, म्हणजे शब्दाची हद्द. लातूर आपोआप गळेल.

पायथॉनची_ताई

नाही गळणार, आणि हे मी स्वतः ठेचकाळून शिकलेय म्हणून सांगते.

जावास्क्रिप्टमध्ये स्लॅश-बीला फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढंच "शब्द" वाटतं. अख्खा मजकूर देवनागरी असला की त्याच्या लेखी शब्दच नाही मग हद्द कुठली, म्हणजे "तूर" ला "तूर" सुद्धा जुळत नाही. पायथॉनमध्ये त्याहून वाईट. तिथे त, र ही अक्षरं शब्दात धरली जातात पण काना, मात्रा, उकार धरले जात नाहीत. आता लातूर लिहा बरं सुटं सुटं: ल, काना, त, दीर्घ उकार, र. काना शब्दात नाही आणि त शब्दात आहे, म्हणजे पायथॉनच्या मते काना आणि त यांच्या मधोमध हद्द! स्लॅश-बी तूर स्लॅश-बी लातूरमध्ये व्यवस्थित जुळतं. करून बघा, हसायला येईल आणि मग रडायला.

देवनागरीसाठी हद्द पाहिजेच असेल तर स्वतः लिहावी लागते, अलीकडे-पलीकडे देवनागरी ब्लॉकमधलं कुठलंच चिन्ह नको अशी. पण इथे त्याची गरजच नाही, अख्खा टीडी ताडायचा आहे. जेक्वेरीकर म्हणतात तेच बरोबर.

नोडवर_बसलेला

जेक्वेरीकर, फिल्टर लावला. तूर: शून्य. कांदा: शून्य. सोयाबीन मात्र एक सापडलं. एकाच टेबलातला एक माल सापडतो आणि दोन नाही हे काय गौडबंगाल आहे?

जुना_जेक्वेरीकर

त्या टीडीचा आतला एचटीएमएल छापून इथे टाक. नुसता टेक्स्ट नको, एचटीएमएल. अंदाजपंचे काही सांगत नाही आता.

नोडवर_बसलेला

छापला. सोयाबीनच्या टीडीत नुसतं "सोयाबीन" आहे. तुरीच्या टीडीत "तूर", मग नवी ओळ, चार-पाच टॅब, मग एक स्मॉल टॅग आणि त्यात "लाल". कांद्यातपण तसंच, स्मॉलमध्ये "उन्हाळी". म्हणजे जात खाली बारीक अक्षरात दाखवलीये. मला ब्राउझरमध्ये ते दोन वेगळे रकाने वाटत होते.

जुना_जेक्वेरीकर

मग झालं तर. टेक्स्ट() ने "तूर", ढीगभर मोकळी जागा आणि "लाल" असं सगळं एकत्र दिलं, ट्रिम फक्त दोन टोकं साफ करतो, मधला पसारा तसाच राहतो. तुला हवा आहे तो टीडीचा स्वतःचा मजकूर, पोरांचा नको. त्यासाठी टीडीचे कंटेंट्स() घे, त्यातले फक्त टेक्स्ट प्रकारचे नोड ठेव, ते जोड, मधल्या मोकळ्या जागांची एकच स्पेस कर, मग ट्रिम आणि मग ताड. किंवा क्लोन करून पोरं उडवून मग टेक्स्ट घेणारी जुनी युक्ती आहे, चालते, पण हजार ओळींच्या टेबलावर उगाच खर्चिक.

पायथॉनची_ताई

ब्यूटिफुल सूपमध्येही (पायथॉनमधली एचटीएमएल चाळायची लायब्ररी) हाच खड्डा आहे, वेगळ्या वेषात. फाइंड_ऑलला टीडी आणि स्ट्रिंग="तूर" दिलं की ते टॅगच्या .स्ट्रिंगशी ताडतं आणि टॅगच्या आत एकापेक्षा जास्त गोष्टी असल्या की .स्ट्रिंग सरळ नन (रिकामं) होतं. एरर नाही, इशारा नाही, नुसती रिकामी यादी. स्मॉल सोडा, मध्ये एक बीआर आला तरी तेच. (जुन्या कोडमध्ये याच पॅरामीटरचं नाव टेक्स्ट दिसेल, ४.४.० पासून स्ट्रिंग झालं.) टॅगचं नाव न देता नुसतं स्ट्रिंग दिलं तर टॅग मिळतच नाही, मजकुराचा तुकडा मिळतो आणि त्याचा .पेरेंट घ्यायला लागतो.

मी हल्ली सरळ फाइंड_ऑलला लॅम्डा (छोटं बिननावाचं फंक्शन) देते आणि आत स्वतः ताडते. आणि हो, गेट_टेक्स्टला स्ट्रिप=ट्रू देऊन निश्चिंत होऊ नका, ते प्रत्येक तुकडा वेगळा छाटतं आणि मग मध्ये काहीही न ठेवता चिकटवतं, बीआर असलेलं "नवी मुंबई" मग "नवीमुंबई" होऊन येतं. पहिला पॅरामीटर म्हणून एक स्पेस द्या.

एक्सपाथचा_भक्त

तुम्ही सगळे उगाच कष्ट करताय. एक्सपाथ, म्हणजे पानातला हवा तो भाग शोधायची भाषा, १९९९ पासून आहे आणि त्यात नेमका मजकूर ही अगदी घरची गोष्ट आहे:

//टीडी[नॉर्मलाइझ-स्पेस(टेक्स्ट())="तूर"]

नॉर्मलाइझ-स्पेस टोकं पण छाटतं आणि मधल्या मोकळ्या जागांची एक स्पेस पण करतं. टेक्स्ट() म्हणजे टीडीचा स्वतःचा मजकूर, स्मॉलमधला नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की टेक्स्ट() म्हणजे नोडांचा संच आहे आणि एक्सपाथ १.० मध्ये संच फंक्शनला दिला की त्यातला पहिलाच घेतला जातो. टीडी उघडल्याउघडल्या नवी ओळ आणि मग बोल्ड टॅग असेल तर तो पहिला नोड म्हणजे नुसती मोकळी जागा, मग जुळणार नाही. तेव्हा टीडी[टेक्स्ट()[नॉर्मलाइझ-स्पेस(.)="तूर"]] असं लिहायचं, म्हणजे प्रत्येक मजकूर-नोड वेगळा तपासला जातो.

कोणता टॅग आहे हेच माहीत नसेल तर टीडीच्या जागी तारा लावा आणि "माझ्या पोटात असाच मजकूर असलेला दुसरा कुणी नको" अशी अट घाला, सगळ्यात आतला तेवढा मिळतो.

जुना_जेक्वेरीकर

भक्त, चीरियोत एक्सपाथ नाही. त्याला दुसरी लायब्ररी घ्यायला लागेल, ५१२ एमबीवर सगळं पुन्हा लिहायला लागेल. फिल्टरनेच होतंय की.

एक्सपाथचा_भक्त

माहितीये. प्रश्न वाचायला येणारे सगळेच चीरियोवाले नसतात म्हणून लिहिलं. शिवाय पायथॉनच्या एलएक्सएमएल लायब्ररीत शोधायचा शब्द व्हेरिएबल म्हणून देता येतो, डॉलर लावून, म्हणजे नावात अवतरणचिन्ह आलं तरी एक्सप्रेशन फुटत नाही. ग्रुपवरून कुणी काहीही टाइप करून विचारणार असेल तर ते महत्त्वाचं आहे, जोडाजोडी करून एक्सप्रेशन बनवू नका.

आणि ब्राउझरमधून एक्सपाथ कॉपी करून सर्व्हरवर चिकटवणाऱ्यांनो, त्यातला टीबॉडी टॅग बघा. ब्राउझर तो स्वतः घालतो, मूळ पानात नसतो, एलएक्सएमएल घालत नाही. अर्ध्या वेळा "सापडत नाही" चं कारण तेच.

पीएचपीच_बरं

पीएचपीवाल्यांनी वेगळंच भोगलंय. डॉमडॉक्युमेंटच्या लोडएचटीएमएलला पानात एन्कोडिंग दिसलं नाही की ते आयएसओ-८८५९-१ (युरोपी अक्षरांचं जुनं एन्कोडिंग) धरून चालतं, मग एक्सपाथ कितीही शुद्ध लिहा, आत मराठीच उरलेली नसते, काहीतरी à¤ छाप कचरा असतो, जुळणार कसं. मजकुराच्या आधी यूटीएफ-८ सांगणारी एक्सएमएलची ओळ चिकटवायची ही जुनी पळवाट. पीएचपी ८.४ मध्ये एचटीएमएल५ चा नवा पार्सर आलाय, त्यात हा त्रास गेला. आणि साधा ट्रिम() नॉन-ब्रेकिंग स्पेस (ओळ तुटू न देणारी मोकळी जागा) काढत नाही हे एक. बाकी चालू द्या.

नोडवर_बसलेला

सगळ्यांचे आभार. स्वतःचा मजकूर काढून ताडला, तूर आली, कांदा आला, सगळं झकास. ग्रुपवर दोन दिवस बरोबर भाव गेले, काकांनी अंगठा दाखवला (म्हणजे चांगला अर्थ).

मग सुचलं की बाजार समितीचं नावही घेऊ, आमचं गाव कऱ्हाडजवळ, तिथला भाव वेगळा दाखवू. सांगली सापडतं, सातारा सापडतं, कोल्हापूर सापडतं. कऱ्हाड नाही. स्वतःचाच मजकूर आहे, आत स्मॉल नाही, काही नाही, नुसतं कऱ्हाड. पान फाइलमध्ये सेव्ह केलं, एडिटरमध्ये उघडलं, ओळ डोळ्यासमोर आहे, शोधायच्या खिडकीत कऱ्हाड टाइप केलं तर म्हणतो सापडत नाही. समोर आहे ना रे! तीच फाइल बायकोला दाखवली, तिलाही दिसतंय, म्हणजे मला भास होत नाहीयेत.

मग त्या पानावरून कॉपी करून कोडमध्ये चिकटवलं तर जुळलं. पण तालुक्याची यादी मी स्वतः टाइप केलेली आहे, प्रत्येक नाव कॉपी करत बसू का?

पायथॉनची_ताई

आता खरा प्रश्न आला. माझा अंदाज पक्का आहे, पण दोन्ही कऱ्हाडची लांबी छापून टाका आणि प्रत्येक अक्षराचा कोड पॉइंट (युनिकोडमधला क्रमांक).

नोडवर_बसलेला

माझं टाइप केलेलं: लांबी ६. क, ऱ, हलन्त, ह, काना, ड.

पानावरचं, ट्रिमनंतर: लांबी ७. क, र, हलन्त, मग २००डी असं काहीतरी, मग ह, काना, ड.

हे २००डी कोण?

पायथॉनची_ताई

झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे न दिसणारा सांधेवाला. आणि तुमचं भांडण ऱ्ह या एका जोडाक्षराशी आहे.

मराठीतला अर्धा, चंद्रकोरीसारखा र, जो वऱ्हाड, तऱ्हा, सुऱ्या, शेतकऱ्यांत येतो, तो युनिकोडमध्ये दोन रस्त्यांनी लिहिता येतो. एक म्हणजे ऱ (यू+०९३१) आणि हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि हा जॉइनर. पहिला सरळ मार्ग, दुसरा युनिकोड २.० च्या काळातला, जुन्या मजकुरासाठी मुद्दाम चालू ठेवलेला. इनस्क्रिप्टवाले शिफ्ट दाबून जे मारतात त्यांचा ऱ येतो, काही फोनेटिक कीबोर्ड दुसरा देतात. कऱ्हाड आणि कर्‍हाड, बघा बरं ओळखता येतात का. फॉन्ट दोन्ही सारखेच काढतो, तुमच्या तिहेरी बरोबरला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत आणि त्याच्या जागी तो बरोबरच आहे.

रेग्युलर_एक्सप्रेस

नॉर्मलाइझ("एनएफसी") मारा दोन्हीवर. युनिकोडचे असले सगळे प्रकार त्याने एकसारखे होतात.

नोडवर_बसलेला

मारलं. अजून ६ आणि ७ च.

मग मीच डोकं चालवलं, म्हटलं न दिसणारं अक्षर आहे ना, दोन्हीकडून २००डी उडवून टाकतो. उडवलं. लांबी ६ आणि ६! आनंद झाला. तरी जुळत नाही. आता मी झोपायला जातो.

पायथॉनची_ताई

झोपायच्या आधी उडवलेलं छापून बघा, "कर्हाड" दिसेल, ह च्या डोक्यावर रफार. तुम्ही जॉइनर काढलात म्हणजे र आणि ह ला रफारात ढकललंत, आणि तुमच्या यादीत अजून ऱ आहे. लांबी जुळली, अक्षरं नाही.

आणि हे नुसतं दिसण्याचं प्रकरण नाही. आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना पगार, पहिले शिकवणारे आणि दुसरे स्वयंपाक करणारे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरात. जॉइनर सरसकट उडवणारा कोड माणसाचा धंदा बदलतो.

एनएफसीने का झालं नाही तेही सांगते. एनएफसी फक्त ज्या जोड्या युनिकोडने अधिकृतपणे "एकच" म्हणून जाहीर केल्यात तेवढ्याच एक करतं. ऱ आणि "र अधिक नुक्ता (खालचा टिंब)" ही तशी जोडी आहे, ते तो जोडून ऱ करून देतो (कुणी तसं टाइप केलं तर त्या कऱ्हाडची लांबीही ७ येते, आतला माल निराळा, म्हणून लांबीवर कधी विसंबू नका). पण र-हलन्त-जॉइनर हा त्या यादीत नाही. ते काम आपल्यालाच करावं लागतं.

मी वापरते तो क्रम असा. आधी एनएफसी. मग र-हलन्त-जॉइनर दिसेल तिथे ऱ-हलन्त. मग उरलेले जॉइनर, नॉन-जॉइनर आणि २००बी वाली शून्य रुंदीची स्पेस उडवायची, ही शेवटची जावास्क्रिप्टच्या ट्रिमला पण जात नाही आणि पायथॉनच्या स्ट्रिपलाही नाही. मग ॲ चा घोळ: एकतर सलग ॲ (यू+०९७२, २००८ मध्ये आलेला) नाहीतर अ वर वेगळा चंद्र, हे दोन पण एनएफसीला वेगळेच वाटतात, तर अ अधिक चंद्र म्हणजे ॲ, आ अधिक चंद्र म्हणजे ऑ. मग सगळ्या मोकळ्या जागांची एक स्पेस, मग ट्रिम. जॉइनर उडवणं ॲ च्या आधी हवं, कारण काही कीबोर्ड अ आणि चंद्राच्या मध्येसुद्धा जॉइनर घालतात.

एक्सपाथचा_भक्त

कबूल, हे एक्सपाथमध्ये होणार नाही. उलट माझ्याच नॉर्मलाइझ-स्पेसचं एक गुपित फोडतो: ते फक्त स्पेस, टॅब आणि ओळ बदलणारी दोन चिन्हं एवढंच ओळखतं. नॉन-ब्रेकिंग स्पेस त्याला मोकळी जागा वाटतच नाही. सरकारी छापाच्या टेबलात प्रत्येक रिकाम्या टीडीत तीच भरलेली असते. आधी ट्रान्सलेटने ती साध्या स्पेसमध्ये बदलायची, मग नॉर्मलाइझ. जावास्क्रिप्टचा ट्रिम आणि पायथॉनचा स्ट्रिप दोघेही ती काढतात, त्यामुळे तिकडून इकडे कोड आणला की लोक चकतात.

जुना_जेक्वेरीकर

मी एकच गोष्ट घालतो, आणि ती सिलेक्टरपेक्षा मोठी आहे असं माझं मत. शोधून फर्स्ट() घेणं बंद कर. तुझ्या पहिल्या दिवशीच्या घोळाचं मूळ :कंटेन्स नव्हतं, तीन सापडले असताना तू गुपचूप पहिला उचललास ते होतं. बरोबर एक सापडला तरच पुढे जा. शून्य किंवा दोन सापडले तर एरर फेक, ग्रुपवर काही टाकू नको, तुला एकट्याला मेसेज कर. भाव न जाणं परवडतं रे, चुकीचा भाव बघून कुणी टेम्पो भरून निघाला म्हणजे?

आणि दर शब्दाला टेबल चाळत बसू नको. एकदाच सगळ्या ओळी वाच, ताईंचं साफसफाईचं फंक्शन लावून नावाचा मॅप कर, आणि विचारलेला शब्दही त्याच फंक्शनमधून काढ. एकच फंक्शन, दोन्ही बाजूंना. पानाला एक आणि यादीला दुसरं असं झालं की सहा महिन्यांनी परत इथेच येशील.

सहज_डोकावले

मध्येच बोलतो. मूळ आकडे पाहिजेत तर सरकारच्या ओपन डेटा पोर्टलवर रोजचे मंडी भाव एपीआयने मिळतात, एचटीएमएल चाळायची गरजच नाही. बघितलंय का?

नोडवर_बसलेला

बघितलंय, तिथे नावं इंग्रजीत आहेत, आणि काका लोकांना याच पानावरच्या आकड्यांची सवय आणि भरवसा आहे. पण ताडून बघायला म्हणून तेही जोडणार आहे, चांगली आठवण केलीत. पान मी दिवसातून एकदाच आणतो, सकाळी, उगाच दर मिनिटाला त्यांच्या सर्व्हरला त्रास नाही.

ताई, झोपलो नाही. तुमच्या क्रमाने फंक्शन लिहिलं, कऱ्हाड पहिल्या फटक्यात जुळलं. मग जेक्वेरीकरांचा "बरोबर एक" वाला नियम लावला आणि लगेच दोन एरर आल्या, म्हणजे हे आधीपासून चुकत होतं आणि मला पत्ताच नव्हता. पहिली, रकान्याचं शीर्षक. मी "किमान दर" शोधतो आणि पानावर "किमान दरः" आहे. मला कोलन वाटला, कोड पॉइंट छापला तर विसर्ग!

दुसरी, कऱ्हाडच्या खाली तीन माल आहेत आणि गावाचं नाव फक्त पहिल्या ओळीत, बाकी दोन ओळींत तो टीडीच नाही, त्यामुळे रकाने डावीकडे सरकतात आणि आवक वाचायला जातो तिथे किमान दर मिळतो.

पायथॉनची_ताई

विसर्ग-कोलन हा आपल्याकडचा जुना आजार आहे, फॉर्मवर "नावः" "पत्ताः" असंच छापलेलं असतं. शीर्षकांसाठी शेवटचा विसर्ग किंवा कोलन कापा, पण ते साफसफाईच्या मुख्य फंक्शनमध्ये घालू नका, वेगळं ठेवा, नाहीतर स्वतः आणि अंशतः यांचाही गळा कापला जाईल.

आकड्यांकडेही बघून घ्या. पानावर दर देवनागरी आकड्यांत असतील तर जावास्क्रिप्टचा नंबर() त्यांना नॅन (हा आकडा नाही) म्हणतो. पायथॉनचा इंट() मात्र निमूट वाचतो, एवढं कौतुक आमच्या बाजूचं.

जुना_जेक्वेरीकर

दुसरं म्हणजे रोस्पॅन, एकच टीडी अनेक ओळींवर पसरवणारी खूण. ओळी वाचताना रोस्पॅन दिसला की ते मूल्य आणि अजून किती ओळी उरल्यात हे बाजूला धरून ठेव, पुढच्या ओळीत त्या जागी आपणच भर, मग बाकीचे टीडी ओत. आधी चौकोन पूर्ण करायचा, मग शोधायचं. शेजारचा टीडी मोजून घेणारा कोणताही जुगाड इथे मार खातो, एक्सपाथचा पण.

एक्सपाथचा_भक्त

खातो. काही बोलत नाही.

नोडवर_बसलेला

चौकोन पूर्ण केला. आज सकाळी कऱ्हाड, सातारा, सांगली तिन्हीकडचं आलं आणि सोयाबीन बरोबर गेलं, पानाशी ताडून बघितलं. एरर एकच आली, "घेवडा" दोनदा, दोन्ही ओळींत जात लिहिलेलीच नाही, तर ती त्यांच्याच पानावर दोनदा आहे, त्यावर माझा इलाज नाही, तेवढा वगळून बाकीचा मेसेज पाठवतो.

काकांनी विचारलंय, तूर शब्द ऱ्हस्व तु ने टाइप केला तर उत्तर का येत नाही.

पायथॉनची_ताई

त्याला फंक्शन नाही. "तुर" चा अर्थ "तूर" अशी एक ओळ यादीत हाताने घाला. आणि तुम्ही आत्ता "ऱ्हस्व" कुठल्या कीबोर्डवर टाइप केलंत?

नोडवर_बसलेला

मोबाईलवर. थांबा, छापून बघतो.

सात.